ग्रामीण नदीच्या पाणलोटातील पाण्याची गुणवत्ता कशी तपासावी

नदीच्या पाण्याविषयी गावात शंका निर्माण झाली की बहुधा एकच गोष्ट घडते. कोणीतरी कॅन भरून प्रयोगशाळेत नेऊन देतो, काही दिवसांनी अहवाल येतो आणि त्यातल्या आकड्यांवरून नदी ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ ठरते. तो अहवाल खोटा नसतो. मात्र तो त्या कॅनपुरता असतो. पाणी कोठून आले, नमुना घेतला त्या क्षणी नदीत किती पाणी वाहत होते आणि वरच्या ठिकाणापेक्षा खालच्या ठिकाणी नेमके काय बदलले, या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. यांपैकी प्रवाहाचे मोजमाप सर्वांत स्वस्त आहे आणि तेच सर्वांत जास्त वेळा वगळले जाते. खालील पद्धत ग्रामपंचायत, शेतकरी गट, महाविद्यालयातील विद्यार्थी किंवा पाण्याविषयी आस्था असलेली चार-पाच माणसे साध्या साहित्यानिशी राबवू शकतील अशी आहे. उदाहरणासाठी पुणे जिल्ह्यातील कऱ्हा नदी घेतली आहे. पुरंदरच्या पश्चिमेकडील डोंगरात उगम पावून सासवड, जेजुरीजवळचे नाझरे धरण, मोरगाव आणि बारामती असा प्रवास करत ही नदी सोनगावजवळ नीरेला मिळते. पर्जन्यछायेतील ही नदी वर्षातील बराच काळ क्षीण वाहते, त्यामुळे बारमाही नदीत झाकून जाणाऱ्या अनेक गोष्टी येथे उघड दिसतात.

आधी प्रश्न ठरवावा

‘पाणी चांगले आहे का’ या प्रश्नाचे उत्तर कोणतीही चाचणी देऊ शकत नाही. ‘कशासाठी चांगले’ हे आधी लिहून काढावे लागते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ लागू होते. त्यानुसार सामू (पीएच) ६.५ ते ८.५ असावा, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, विरघळलेले एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत (दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात) आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू मुळीच सापडू नयेत. परंतु हे मानक घरात येणाऱ्या पाण्याचे आहे. नदीच्या कच्च्या पाण्याला ते लावले तर जवळजवळ प्रत्येक नमुना नापास होतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

नदीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापरानुसार केलेले पाच वर्ग अधिक उपयोगी आहेत. केवळ निर्जंतुकीकरण करून पिता येईल असे पाणी ‘ए’ वर्गात मोडते. त्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ६ मिलिग्रॅम आणि बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जो प्राणवायू वापरतात त्याचे माप) कमाल २ मिलिग्रॅम असावा लागतो. स्नानासाठीच्या ‘बी’ वर्गात हेच आकडे ५ आणि ३ आहेत आणि एकूण कोलिफॉर्म (मैल्याच्या संसर्गाची शंका दर्शवणारे जिवाणू) १०० मिलिलिटरमागे ५०० च्या आत असावे लागतात. ‘सी’ वर्गातील पाणी जलशुद्धीकरण केंद्रातील पूर्ण प्रक्रियेनंतर पिता येते. ‘डी’ मासे व अन्य जलचरांसाठी. तर ‘ई’ सिंचनासाठी असून तेथे विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते त्याचे माप) २२५० मायक्रोसिमेन्सपर्यंत चालते. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला येते. त्या घाटासाठी ‘बी’ वर्गाचा प्रश्न विचारावा लागेल. त्याच नदीवर मोटार टाकून उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यासाठी ‘ई’ वर्गाचा. एकाच बाटलीतील पाणी एका प्रश्नाला उत्तीर्ण आणि दुसऱ्याला नापास होऊ शकते, आणि दोन्ही निकाल बरोबर असतात.

नकाशा आणि शिवारफेरी

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अभ्यासाचे शेवटचे ठिकाण, म्हणजे ज्या जागेच्या वरचे सर्व पाणी समजून घ्यायचे आहे ती जागा, निश्चित करावी. तेथून दोन्ही बाजूंच्या डोंगरधारांचा माथा समोच्च रेषांच्या आधारे जोडत नेला की पाणलोटाची सीमा मिळते. क्यूजीआयएससारखी विनामूल्य संगणकप्रणाली हे काम लवकर करते, तरीही एकदा हाताने सीमा काढावी. कोणता ओढा कोणत्या खिंडीतून उतरतो हे हाताने रेघ ओढल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

मात्र पुणे जिल्ह्यात डोंगरांनी आखलेली सीमा पुरेशी नाही. कालवे, बोगदे आणि उपसा योजना पाणी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेतात. मावळात ठोकरवाडी धरणाचे पाणी सह्याद्री ओलांडून वीजनिर्मितीसाठी कोकणात भिवपुरीकडे जाते, म्हणजे नकाशावर इंद्रायणी खोऱ्यात दिसणारे ते पाणी एरवी इंद्रायणीत येतच नाही. कऱ्हेच्या खोऱ्यात उलट घडते. पुरंदर उपसा सिंचन योजना मुळा-मुठा नदीचे पाणी कोरेगाव मूळ येथून उचलून पुरंदरच्या कोरडवाहू गावांकडे चढवते आणि हे पाणी पुणे शहराचे सांडपाणी पोटात घेऊन आलेले असते. ज्या ओढ्याच्या वर एकही वस्ती नाही, त्या ओढ्यात क्षार किंवा नायट्रेट अचानक वाढलेले दिसले, तर आधी गोठ्याकडे बोट न दाखवता तेथे योजनेचे पाणी सुटले होते का हे विचारावे. म्हणून पाणलोटाच्या नकाशावर येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचे बाण काढणे हे सीमारेषेइतकेच महत्त्वाचे काम आहे.

नकाशा घेऊन नदीकाठाने चालावे. गावांचे नाले नदीला कोठे मिळतात, शौचालयांचे शोषखड्डे काठापासून किती दूर आहेत, गोठ्यांचे आणि कुक्कुटपालन शेडचे पाणी कोठे उतरते, ढाबे, मंगल कार्यालये आणि फार्महाऊस कोठे आहेत, फवारणीचे पंप कोणत्या पाणवठ्यावर धुतले जातात, दशक्रिया विधीचा घाट कोणता, वाळू उपसून कोठे डोह पडले आहेत, हे सर्व टिपावे. पिकांचीही नोंद ठेवावी, कारण अंजीर-सीताफळाच्या बागेतून येणारे पाणी आणि उसाच्या पट्ट्यातून झिरपणारे पाणी खतांच्या दृष्टीने सारखे नसते. विहिरी विसरू नयेत. आपल्याकडील काळ्या पाषाणात पावसाळ्यानंतर नदीत वाहणारे पाणी मुख्यतः भूजलाचे पाझर असते, त्यामुळे काठच्या विहिरीतील नायट्रेट हे डिसेंबरातील नदीचेही भाकीत असते.

माणसांशी बोलण्याला पर्याय नाही. मासे धरणारे भोई आणि कातकरी, कपडे धुणाऱ्या बायका, मोटारींची देखभाल करणारे शेतकरी आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक यांना नदीचे रोजचे वागणे ठाऊक असते. ‘पाणी खराब झाले का’ असे न विचारता ‘फेस कोणत्या महिन्यात येतो’, ‘वास रात्री येतो की सकाळी’, ‘कोणता मासा मिळेनासा झाला’ असे विचारावे. पिण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर होते आणि त्यावरून ग्रामपंचायतींना लाल, पिवळी किंवा हिरवी कार्डे दिली जातात. ते जुने तक्ते ग्रामपंचायतीतून मागून घ्यावेत. त्यात आयतीच बरीच माहिती असते.

ठिकाणे आणि वेळा

ठिकाणे थोडी असावीत, पण प्रत्येकामागे कारण असावे. पहिले ठिकाण वस्ती आणि शेतीच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी घ्यावे. त्या खडकाचे आणि मातीचे नैसर्गिक पाणी कसे असते ते तेथे कळते आणि पुढची सर्व तुलना त्याच्याशी करावयाची असते. त्यानंतर प्रत्येक संशयित स्रोताच्या थोडे वर एक आणि खाली एक अशी जोडी ठेवावी. संगमावर तीन ठिकाणे लागतात. सासवडला संगमेश्वराच्या मंदिराजवळ कऱ्हा आणि चांबळी एकत्र येतात. तेथे दोन्ही प्रवाहांवर संगमाच्या वर एकेक आणि दोन्ही पाणी पूर्ण मिसळल्यानंतर खाली एक असे नमुने घ्यावेत. पूर्ण मिसळले की नाही हे ओळखण्यासाठी पात्राच्या डाव्या काठाला, मध्यभागी आणि उजव्या काठाला विद्युतवाहकता मोजावी. तिन्ही आकडे सारखे येईपर्यंत खाली सरकावे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपाशी विशेष सावधगिरी हवी. पावसाळ्यानंतर ढापे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) टाकले की बंधाऱ्यामागचा भाग नदी राहत नाही, तळे होतो. तेथे पृष्ठभागावर शेवाळामुळे प्राणवायू भरपूर आणि तळाशी जवळजवळ शून्य असू शकतो. असा नमुना घ्यावयाचाच असेल तर ‘साठा’ असे स्पष्ट लिहावे आणि वाहत्या पाण्याच्या नमुन्यांशी त्याची तुलना करू नये.

वर्षातून किमान चार वेळा मोजावे: जूनमधील पहिल्या जोरदार पावसात, ऑगस्टमध्ये प्रवाह स्थिर असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबल्यावर आणि एप्रिल-मेमध्ये. पहिला पाऊस सोडू नये, कारण उन्हाळाभर जमिनीवर साचलेले शेण, मैला, खत आणि माती एकदम नदीत येतात आणि वर्षातील सर्वांत वाईट जिवाणूसंख्या बहुधा तेव्हाच सापडते. धरणाचे किंवा कालव्याचे आवर्तन सुटले असेल तर तारखेसह नोंद करावी. आवर्तनाच्या आठवड्यात नदी वेगळीच असते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सासवडचा मुक्काम, यात्रा, गणेश विसर्जन यांसारख्या प्रसंगी आधी, त्या दिवशी आणि नंतर असे नमुने घेता आले तर त्यांचा वेगळा संच करावा. नेहमीच्या आकड्यांत ते मिसळू नयेत.

दिवसाची वेळही ठरवून पाळावी. प्रकाश असेपर्यंत शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात आणि रात्रभर सर्व जीव तो वापरतात, म्हणून विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतो. एका ठिकाणी सकाळी सातला आणि दुसऱ्या ठिकाणी दुपारी तीनला मोजून ‘खाली नदी सुधारली’ असा निष्कर्ष काढणे निरर्थक आहे.

प्रवाह मोजणे

नदीचा साधारण सरळ, एकसारख्या रुंदीचा वीस मीटरचा भाग निवडावा. दोन्ही टोकांना दोरी ताणावी. दोरीच्या रेषेत दर अर्ध्या मीटरला काठीने खोली मोजून सरासरी काढावी आणि रुंदीने गुणावी. हे झाले छेदाचे क्षेत्रफळ. मग अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली किंवा संत्रे वरच्या दोरीच्या थोडे आधी पाण्यात सोडून दोन दोऱ्यांमधील वेळ मोजावी. काठाजवळ, मध्यभागी आणि पुन्हा दुसऱ्या काठाजवळ असे अनेकदा करून सरासरी घ्यावी. पृष्ठभागाचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने धावते, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणावे. खडकाळ, उथळ पात्रात हा गुणक आणखी कमी धरावा लागतो.

समजा पात्र ६ मीटर रुंद आहे, सरासरी खोली ०.२५ मीटर आहे आणि बाटलीला वीस मीटर जायला ५० सेकंद लागतात. क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर, पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर, दुरुस्त वेग ०.३४ मीटर, म्हणून प्रवाह सेकंदाला ०.५१ घनमीटर, अर्थात ५१० लिटर. या पद्धतीत वीस टक्क्यांपर्यंत चूक सहज होते, तरीही प्रवाह मुळीच न मोजण्यापेक्षा ते कितीतरी बरे. लहान नाल्याचे पाणी पाइपातून किंवा पायरीवरून पडत असेल तर बादली भरायला लागणारे सेकंद मोजणे पुरे. नदीत उतरण्यापूर्वी वर धरण असेल तर विसर्ग सुटणार नाही याची खात्री करावी. पुरात पाण्यात पाऊल टाकू नये. तेव्हा पुलावरून दोरीला बांधलेल्या बादलीने नमुना घ्यावा आणि पातळीची खूण पुलाच्या खांबावर वाचावी.

संगमावर प्रवाहाचा आडवा पडताळाही घेता येतो. एका शाखेची विद्युतवाहकता ३००, दुसरीची ९०० आणि मिसळल्यावर ४५० असेल, तर खालच्या पाण्यातील दुसऱ्या शाखेचा वाटा ४५० वजा ३०० भागिले ९०० वजा ३००, म्हणजे पाव आहे. बाटली सोडून मोजलेले दोन प्रवाह या प्रमाणाशी जुळत नसतील तर मोजणीत कोठेतरी गफलत आहे असे समजून ती पुन्हा करावी.

काठावर करावयाच्या चाचण्या

तापमान, सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू आणि गढूळपणा हे नदीवरच मोजावेत. बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पहिले दोन आणि प्राणवायू बदलून जातात. मीटर वापरण्यापूर्वी त्याच दिवशी सामूसाठी ७ आणि ९.२ (किंवा १०) च्या प्रमाण द्रावणात आणि वाहकतेसाठी १४१३ मायक्रोसिमेन्सच्या द्रावणात तपासून घ्यावा आणि तो आकडाही वहीत लिहावा. ज्या मीटरची तपासणी लिहिलेली नाही, त्याच्या आकड्यावर वाद घालता येत नाही.

विद्युतवाहकता ही चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते: स्वस्त, झटपट आणि खालून वर चालत जाताना दर शंभर पावलांवर करता येण्याजोगी. डोंगराच्या पायथ्याशी ती कमी असते. जेथे अचानक उडी घेते तेथे काहीतरी मिसळत असते, आणि तो नाला किंवा झरा दिसत नसेल तर शोधावा. खिशात मावणारा टीडीएस मीटर खरे तर वाहकताच मोजतो आणि साधारण ०.५ ते ०.७ ने गुणून क्षार दाखवतो. परंतु त्यावरून पाणी पिण्यास योग्य आहे असे कधीही म्हणू नये, कारण जिवाणू किंवा कीटकनाशक त्याला दिसत नाहीत. (घरोघरी फिरणारे फिल्टरविक्रेते पाण्यात विजेची दांडी बुडवून ते तपकिरी करून दाखवतात, तो रंग त्या दांडीच्या लोखंडाचा असतो, पाण्यातील घाणीचा नव्हे.)

विरघळलेल्या प्राणवायूसाठी मीटर नसेल तर विंकलर पद्धत वापरावी. तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत हवेचा बुडबुडा न राहू देता पाणी भरावे, मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण पृष्ठभागाखाली सोडावे, बूच लावून हलवावे. तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर पाणी मृतवत आहे. त्यानंतर सल्फ्युरिक आम्लाने साका विरघळवून सोडियम थायोसल्फेटने अनुमापन केले जाते. हे काम हातमोजे घालून आणि महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली करावे. आकडा वाचताना तापमान आणि उंची लक्षात घ्यावी. समुद्रसपाटीला २५ अंशांवर पाणी लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते. पुण्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ५६० मीटरवर, तेच ७.७ च्या आसपास येते. त्यामुळे दुपारी ११-१२ असा आकडा आला तर आनंदून जाऊ नये. तो शेवाळाच्या अतिवाढीचा पुरावा असतो आणि त्याच ठिकाणी पहाटे जाऊन मोजले तर बहुधा धक्का बसतो.

गढूळपणासाठी तळाशी काळी-पांढरी खूण असलेली पारदर्शक नळी पुरते: पाणी ओतत जावे आणि खूण दिसेनाशी झाली की पाण्याच्या उंचीचा आकडा वाचावा.

प्रयोगशाळेसाठी नमुने

पात्राच्या मध्याजवळ, वाहत्या पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे आणि बाटली आपल्या पुढे धरून पृष्ठभागाखाली वीस-तीस सेंटिमीटरवर भरावी, म्हणजे पायाने ढवळलेला गाळ आत येत नाही. रासायनिक चाचणीची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी. जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली मात्र मुळीच विसळू नये, ऐन वेळी उघडावी आणि वर थोडी मोकळी जागा ठेवून बंद करावी. बीओडीची बाटली काठोकाठ भरावी. जड धातूंसाठीच्या नमुन्यात प्रयोगशाळेने दिलेले नायट्रिक आम्ल घालावे लागते. बाटलीवर ठिकाणाचा सांकेतिक क्रमांक, तारीख आणि वेळ न पुसणाऱ्या शाईने लिहावी, नमुने बर्फाच्या पेटीत ठेवावेत आणि जिवाणूंचे नमुने शक्यतो सहा तासांत, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत पोहोचवावेत. म्हणून प्रयोगशाळेशी आधी बोलूनच दिवस ठरवावा; शनिवारी दुपारी नेलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहतो.

दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना, म्हणजे त्याच ठिकाणी लगेच भरलेली दुसरी बाटली, वेगळ्या क्रमांकाने पाठवावा. दोन्हींचे आकडे फार वेगळे आले तर बाकीच्या आकड्यांकडेही सावधपणे पाहावे.

चाचण्यांची यादी पैशांप्रमाणे कापावी लागते. बीओडी, नायट्रेट, अमोनिया, क्लोराइड, फॉस्फेट आणि ई. कोलाय किंवा मलजन्य कोलिफॉर्म एवढ्यांपासून सुरुवात करावी. कीटकनाशकांच्या चाचण्या महाग असतात आणि फवारणीच्या वेळापत्रकाशी जुळल्या नाहीत तर काहीच दाखवत नाहीत. साध्या चाचण्यांनी संशयाचे ठिकाण आणि महिना निश्चित झाल्याशिवाय त्यांवर खर्च करू नये. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत; बीओडीसारख्या चाचण्यांसाठी मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा किंवा विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग शोधावा. पाणी काळे झाले तर दूषित, अशी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांची एचटूएस बाटली विहिरी आणि नळांसाठी उत्तम आहे. नदीत ती जवळजवळ नेहमी काळीच होते, म्हणून तेथे तिचा उपयोग नाही.

पाण्यातले जीव

रसायने त्या क्षणाचे पाणी दाखवतात. दगडाखाली राहणारे किडे गेल्या काही आठवड्यांचे. खळाळत्या उथळ भागातील हाताच्या पंजाएवढे दगड उचलून पांढऱ्या ताटात धुवावेत आणि काय सापडते ते मोजावे. शेपटीला बहुधा तीन बारीक तंतू असणाऱ्या मेफ्लायच्या अळ्या, वाळूच्या कणांचे घर बांधून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या आणि दोन शेपट्यांच्या स्टोनफ्लाय हे प्राणवायूच्या टंचाईला लगेच बळी पडणारे जीव आहेत. ते विपुल असतील तर अलीकडे मोठा आघात झालेला नाही. चतुरांची पिल्ले, खेकडे आणि गोगलगायी मधल्या अवस्थेत तग धरतात. फक्त तांबड्या रक्तवर्णी अळ्या, गाळात हलणारे बारीक तांबडे कृमी आणि शेपटीसारखी श्वासनलिका वर काढणाऱ्या अळ्याच उरल्या असतील, तर दुपारचा प्राणवायूचा आकडा कितीही चांगला असला तरी त्यावर विश्वास ठेवू नये. जीवांच्या कुळांना गुण देऊन बेरीज करण्याची बीएमडब्ल्यूपी नावाची पद्धत केंद्रीय मंडळही वापरते; नवशिक्यांनी मात्र आधी वरच्या आणि खालच्या ठिकाणी किती प्रकारचे जीव मिळाले एवढेच ताडून पाहावे. पावसाळ्याच्या पुरानंतर लगेच ही पाहणी करू नये. पाण्याने सगळेच वाहून नेलेले असते.

आकडे वाचताना

येथे प्रवाहाचा हिशेब कामी येतो. लिटर प्रति सेकंद गुणिले मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले ०.०८६४ केले की रोजचे किलोग्रॅम मिळतात. समजा एका गावाच्या वर ४८० लिटर प्रवाहात बीओडी २ आहे आणि गावाच्या खाली ५१० लिटर प्रवाहात ६ आहे. वरून रोज सुमारे ८३ किलो भार येतो, खाली सुमारे २६४ किलो जातो; मधल्या पट्ट्यात १८१ किलोची भर पडली. माणशी रोजचा बीओडी साधारण २५ ते ५० ग्रॅम धरतात. गाव दोन हजार वस्तीचे असेल तर जास्तीत जास्त १०० किलो होतात, आणि त्यातलेही बरेच शोषखड्ड्यात आणि जमिनीत जिरते. म्हणजे उरलेले ८० किलो किंवा त्याहून अधिक गोठे, कुक्कुटपालन, मंगल कार्यालय किंवा एखाद्या कारखान्याच्या नाल्यातून येत असणार. आता शोध कोठे घ्यावयाचा ते ठरले. हेच आकडे प्रवाहाशिवाय असते तर ‘गावाने नदी घाण केली’ एवढेच वाक्य हाती राहिले असते.

उन्हाळ्यात नायट्रेट किंवा क्षारांचे प्रमाण दुप्पट झाले की प्रदूषण दुप्पट झाले असे समजू नये. प्रवाह एक-चतुर्थांश उरला असेल तर प्रत्यक्ष भार निम्म्यावर आलेला असतो. मात्र त्या पाण्यात जगणाऱ्या माशाला आणि ते पिणाऱ्या जनावराला प्रमाणच भोगावे लागते. दोन्ही गोष्टी अहवालात वेगवेगळ्या लिहाव्यात.

क्लोराइड हे साक्षीदारासारखे वापरावे. काळ्या पाषाणातून ते फारसे येत नाही, ते कुजत नाही आणि वनस्पतीही ते फारसे शोषत नाहीत, त्यामुळे वरपासून खालपर्यंत त्याची वाढ म्हणजे माणसाचे, जनावरांचे किंवा शेतातून परतलेले पाणी. क्लोराइड आणि अमोनिया दोन्ही वाढले असतील तर ताजे सांडपाणी जवळ आहे. क्लोराइड आणि नायट्रेट वाढून अमोनिया नगण्य असेल तर ते पाणी जमिनीतून झिरपत आलेले किंवा दूरवरून वाहत आलेले असण्याचा संभव अधिक. नायट्रेटच्या आकड्यापुढचे एकक तपासावे: काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, काही ‘नायट्रेटमधील नायट्रोजन’ म्हणून. पहिल्यात ४५ ही मर्यादा आहे, दुसऱ्यात तीच सुमारे १० होते. या एका गफलतीपायी सुरक्षित विहीर बंद झाल्याचे किंवा धोकादायक विहीर चालू राहिल्याचे सहज घडू शकते. बीओडीतही तसेच: भारतात २७ अंशांवर तीन दिवसांची पद्धत रूढ आहे, जुन्या नोंदी २० अंशांवर पाच दिवसांच्या असू शकतात.

मावळात लोणावळ्याकडील घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बारामतीकडे पाचशेच्या आसपास. म्हणून लोणावळ्याजवळच्या ओढ्याचा आकडा कऱ्हेसाठी आदर्श म्हणून वापरता येत नाही. तुलना त्याच पाणलोटाच्या वरच्या ठिकाणाशीच करावी.

नोंद कोणाला द्यावी

प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, छायाचित्र, तारीख, वेळ, मागील तीन दिवसांतील पाऊस, प्रवाह, मीटरची तपासणी आणि सर्व मूळ आकडे एका तक्त्यात ठेवावेत. सरासरी वेगळी काढावी, मूळ आकडे खोडू नयेत. पिण्याच्या स्रोतात ई. कोलाय किंवा मर्यादेपलीकडचे नायट्रेट आढळले तर वर्षभराचा अभ्यास पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला लेखी कळवावे. जिवाणूंसाठी टीसीएल पावडरचा (क्लोरीनयुक्त जंतुनाशक) योग्य मात्रेत वापर लगेच करता येतो. नायट्रेट मात्र क्लोरीनने किंवा उकळून जात नाही, तेथे दुसरा स्रोतच शोधावा लागतो.

एखाद्या आस्थापनेच्या सांडपाण्याविषयी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावयाची असेल तर आपल्या नमुन्याची कायदेशीर मर्यादा जाणून घ्यावी. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा पुरावा म्हणून ग्राह्य नमुना मंडळाने किंवा मंडळाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, त्या जागेच्या ताबेदाराला नोटीस देऊन, विहित पद्धतीने घ्यावा लागतो. आपल्या आकड्यांचे काम त्या अधिकाऱ्याला योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी आणणे हे आहे. म्हणून तक्रारीत ‘नदी प्रदूषित आहे’ असे न लिहिता कोणत्या नाल्याच्या वर आणि खाली, कोणत्या तारखांना, किती वाजता, किती प्रवाहात काय आढळले आणि विसर्ग बहुधा कोणत्या वेळी होतो हे लिहावे, सोबत नकाशा आणि तक्ता जोडावा आणि पोचपावती घ्यावी.